गुडघ्याखालची उशी

माझं तोंड वाईट आहे, हे मला कुणी सांगायला नको. गल्लीत कुणालाही गादीवाल्याचं घर विचारा, आधी 'त्यांची बायको ना?' म्हणून हसतील आणि मग जिना दाखवतील. खाली आमचं गाद्यांचं आणि सोफ्यांचं दुकान, वर घर, मध्ये चौदा पायऱ्या. मी वरून बोलले की खाली गिऱ्हाईक घासाघीस थांबवतं, असं आमची लेक म्हणते. अशी मी बाई, आणि एक साधं वाक्य नवऱ्याला सांगायला मला महिनाभर तोंड उघडता आलं नाही. त्यापायी नवा कोरा गुडघा घालवून बसायची वेळ आली होती.

गुडघ्याचं आधी सांगते. चाळीस वर्षं मी दुकानात उभी राहून कापड कापलं. बेतायचं मी, कापायचं मी, भरायचं आणि शिवायचं ह्यांनी. सोफ्याचं कापड बसून कापता येत नाही, टेबलाभोवती फिरावंच लागतं. उजवा गुडघा आधी कुरकुरायला लागला, मग सुजायला लागला, आणि शेवटची चार वर्षं तर तो सरळच होईना. पाय थोडा वाकवूनच मी उभी राहायचे, तशीच चालायचे, तशीच झोपायचे. लेप लावले, पट्टे बांधले, सुया टोचून घेतल्या. जिने सांगितलं तिचं तेल चोळलं. दीड वर्षापूर्वी एकदा त्या चौदा पायऱ्या उतरून गेले ती परत चढता येईना. दोघा कारागिरांनी खुर्चीत बसवून मला वर आणलं. लाज वाटली मला. त्यानंतर मी दुकानात गेलेच नाही. खालून कात्रीचा आवाज आला की मला रडू यायचं, आणि रडू आलं की मी कुणावर तरी ओरडायचे.

डॉक्टरांनी फोटो दाखवला. म्हणाले, बाई, इथे सांधा उरलेलाच नाही, हाडावर हाड घासतंय. डाव्याचीही तीच गत होणार होती, पण आधी उजवा बदलू म्हणाले. हा नीट सरळ झाला तर सहा महिन्यांनी डावा. मी विचारलं, नाही झाला सरळ तर? तसे ते स्पष्टवक्ते निघाले. म्हणाले, ऑपरेशनच्या टेबलावर मी तो सरळ करून देणार, पण पहिले सहा आठवडे तो सरळ ठेवणं तुमच्या हातात. वाकडा राहून आखडला तर कायमचा लंगडाल, आणि मग डाव्याला हात लावण्यात अर्थ नाही, कारण त्याचं होईपर्यंत तुम्ही उभ्या कशावर राहणार? मला हे बोलणं आवडलं. मी स्वतः असंच बोलले असते.

ऑपरेशन कमरेखाली बधिर करून केलं. मध्ये पडदा होता, पण कान काही बधिर नव्हते. आत अशी ठोकाठोक चालली होती की मी विचारलं, गुडघा बसवताय की दरवाजाची चौकट? कुणीतरी हसलं. दुपारी डॉक्टर आले, पांघरूण बाजूला करून म्हणाले, बघा. माझा पाय गादीवर सपाट पडला होता. चार वर्षांनी टाच आणि गुडघ्याची मागची बाजू एकाच वेळी गादीला टेकली होती. मी बघतच राहिले.

आता ह्यांच्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमचे हे अबोल. त्यांच्या वाटणीचं मी बोलते असं लोक म्हणतात, ते खरंच आहे. पण हातात काय जादू होती त्यांच्या! पाठदुखीची माणसं लांबून यायची. हे त्यांना नुसतं खुर्चीत बसवायचे, उठवायचे, आणि गादी कुठे कडक हवी, कुठे मऊ हवी ते सांगायचे. माप घेताना टेपसुद्धा लावायचे नाहीत. मग त्यांच्या बोटांची पेरं सुजायला लागली. माझ्या गुडघ्यात शिरला तोच आजार त्यांच्या बोटांत शिरला. दाभण धरवेना. तरी शिवत राहिले. तीन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने सोफा परत आणला. शिवण तिरकी गेली होती, एक बाजू फुगून आली होती. गिऱ्हाईक बिचारं चांगलं होतं, 'असू द्या, पण जरा बघा' म्हणत होतं. लेक काहीतरी सारवासारव करायला लागली. आणि मी जिन्यातून सगळ्यांसमोर म्हणाले, "हात चालत नाहीत तर घरी बसा ना. नाव कशाला घालवता?"

ह्यांनी दाभण खाली ठेवलं, हात धुतले आणि वर आले. त्या दिवसापासून दुकानात ते गिऱ्हाइकांशी बोलायला बसत, हिशोब बघत, कापड बघत, पण सुईला त्यांनी हात लावला नाही. मला एका शब्दाने काही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. तीन वर्षं माझं ते बोलणं मलाच सलत होतं. कितीदा वाटलं, माफी मागावी. पण माफी मागायची सवय नाही मला, कशी सुरू करायची तेच कळत नाही.

दवाखान्यातून सुटायच्या दिवशी हे औषधं आणायला गेले होते आणि लेक गाडी बघायला. नर्सबाई कागद घेऊन आल्या आणि एकेक करून समजावू लागल्या. गोळ्या कधी, टाके कधी, चालायचं कसं. शेवटी बोट उगारून म्हणाल्या, "गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही. कितीही बरं वाटलं तरी नाही. घ्यायचीच तर टाचेखाली, म्हणजे गुडघा आपोआप सरळ होतो." कागदावर ते ठळक अक्षरांत छापलंही होतं. मी म्हटलं, कळलं हो, लहान आहे का मी?

घरी आले. वॉकर धरून त्या चौदा पायऱ्या एकेक करत चढले, घाम फुटला, पण चढले. खोलीत गेले तर पलंगावर एक उशी.

उशी कसली, एक लांबट उतरती गादीच होती ती. निळं जाड कापड, कडेने दुहेरी शिवण, मध्ये पोटरी बसेल अशी पन्हळ, आणि वर गुडघ्यासाठी गोल खळगा. शिवण दोन-तीन ठिकाणी डगमगली होती, ती बघून मला लगेच कळलं की ही लेकीची नाही, कारागिरांचीही नाही. मी चार दिवस दवाखान्यात होते तेव्हा हे खाली जाऊन, दाभणाला कापड गुंडाळून, त्या सुजलेल्या बोटांनी ती शिवत बसले होते. लेक मागून हळूच म्हणाली, आई, बाबांनी कुणाला हातही लावू दिला नाही.

"टेक पाय," हे म्हणाले. "माप घ्यायची गरज पडली नाही. तुझा पाय मला पाठ आहे."

मी पाय टेकला. आणि काय सांगू, चार दिवस जो ठणका कणभर हटला नव्हता तो सुई काढल्यासारखा गेला. माझ्या तोंडून आपसूक 'आई गं' निघालं. ह्यांनी विचारलं, बरं वाटतंय का? तीन वर्षांत मी त्यांचा असा चेहरा बघितला नव्हता. नर्सबाईंचं उगारलेलं बोट माझ्या डोळ्यांपुढे होतं. मी म्हणाले, "फार बरं वाटतंय."

तो कागद मी कपाटात साड्यांच्या घडीखाली सरकवला. लेकीने दोनदा विचारलं, सूचनांचा कागद कुठाय? मी म्हटलं, मला सगळं तोंडपाठ आहे, तू दुकान बघ.

मनाशी म्हटलं, आजचा दिवस. उद्या सांगू. दुसरा दिवस उजाडला तेव्हा हे सकाळीच येऊन उशीची पन्हळ चाचपून बघत होते, कुठे बसली आहे का म्हणून. खाली जाऊन त्यांनी कारागिरांना शिवण कशी वळवायची ते दाखवलं, असं लेकीने सांगितलं. जेवताना दोन वाक्यं जास्त बोलले. आता कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि खोटं कशाला बोलू, उशीवर मला बरंही वाटत होतं. सरळ पायाचा ठणका सहन होत नव्हता. अर्धं मी त्यांच्यासाठी केलं असेन, तर अर्धं स्वतःच्या सुखासाठी. कुठलं अर्धं मोठं होतं ते मी स्वतःलाही विचारलं नाही.

व्यायाम शिकवायला एक मुलगी आठवड्यातून तीनदा यायची. मी तिचं नाव व्यायामवाली ठेवलं, तिनेही ते आनंदाने घेतलं. ती अकराला यायची, आणि त्या वेळी हे खाली दुकानात असायचे. पावणेअकराला मी उशी पलंगाखाली ढकलायचे आणि पाय सपाट पसरून साळसूदपणे बसायचे. व्यायामवालीकडे दोन पट्ट्या जोडलेलं कोन मोजायचं एक साधन होतं. पहिल्या आठवड्यात तिने मोजलं, पाय सरळ व्हायला आठ अंश कमी. म्हणाली, सूज आहे, चालायचंच. तिसऱ्या आठवड्यात बारा. चौथ्या आठवड्याच्या शेवटी तिने दोनदा मोजलं, पट्ट्या पुसून तिसऱ्यांदा मोजलं.

"पंधरा," ती म्हणाली. "काकू, हे मागे चाललंय. तुम्ही व्यायाम करताय ना?"

करत होते. दात-ओठ खाऊन करत होते. तासभर सरळ करायचा आणि उरलेला दिवस उशीवर वाकवायचा, असा माझा कारभार होता. ती म्हणाली, ऑपरेशनच्या आधी तुमचा पाय अठरा अंश वाकलेला होता. दोन आठवड्यांनी डॉक्टर बघतील, तोवर असंच राहिलं तर पुन्हा भूल देऊन पाय सरळ करून बघावा लागेल, आणि तरी खात्री नाही. ती गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. टेबलाशी उभं राहणं तर सोडाच, डावा पायही गेलाच समजायचा. मी ठरवलं, आता सांगायचंच, संध्याकाळी सांगायचं. संध्याकाळी हे आले, व्यायामवालीने काय सांगितलं ते विचारलं. मी म्हणाले, जरा हळू सुधारतोय म्हणाली. ह्यांनी माझ्या पायाकडे बराच वेळ बघितलं आणि उशी उचलून खाली घेऊन गेले. मला वाटलं, शिवण उसवली असेल.

पुढच्या फेरीला व्यायामवाली आली, पट्ट्या काढल्या, आणि जिन्यावर ह्यांची पावलं वाजली. अकराला ते कधी वर येत नाहीत. दारात उभे राहिले तर काखेत उशी.

"ताई," ते तिला म्हणाले, "तुम्हाला विचारायचं होतं. हिला सुधार कमी आहे म्हणे. मी खळग्यापाशी आणखी दोन बोटं भरण घातलंय. एवढी उंची पुरे, की आणखी वाढवू?"

व्यायामवालीने उशी हातात घेतली, फिरवून बघितली. "ही कुठे ठेवता?"

"गुडघ्याखाली. पहिल्या दिवसापासून." त्यांचा आवाज जरासा फुलला होता.

तिने माझ्याकडे बघितलं नाही, एवढे तिचे उपकार. शांतपणे तिने त्यांना समजावलं. गुडघ्याखाली आधार दिला की पाय वाकलेला राहतो, आतली शीर आणि स्नायू तसेच आखडतात, आणि म्हणून तर हे सगळं होतंय. हे ऐकत होते. त्यांनी हळूहळू हात पुढे करून उशी परत घेतली आणि खळग्यावरून अंगठा फिरवला.

"म्हणजे मी जुन्या पायाचं माप घेतलं," ते म्हणाले. "तोच मला पाठ होता."

मग त्यांचा चेहरा तापला. रागावलेले मी त्यांना फार क्वचित बघितलं आहे. म्हणाले, दवाखान्यातून येताना आम्हाला कुणी हे सांगायला नको? चार दिवस ठेवून घेतलं, एवढे लोक येऊन गेले, आणि एवढी गोष्ट सांगितली नाही? त्या नर्सबाई कुठे आहेत, मी आत्ता जाऊन विचारतो. व्यायामवाली म्हणाली, काका, सगळ्यांना सांगतात हो. ते म्हणाले, आम्हाला नाही सांगितलं. ही माझ्यापासून लपवेल का? आणि चपला शोधायला वळले.

आता एवढंच करायचं होतं की मी गप्प बसायचं. ते जाऊन त्या बाईला बोलून आले असते, कुणीतरी कुणावर तरी ढकललं असतं, आणि उशी खाली दुकानात कुठेतरी जाऊन पडली असती. माझं नाव कुठेच आलं नसतं. पण ते 'ही माझ्यापासून लपवेल का' ऐकलं आणि मला राहवलं नाही.

"मला सांगितलं होतं," मी म्हणाले. "कागदही दिला होता. कपाटात आहे, साड्यांखाली."

ते थांबले. एक चप्पल पायात, एक हातात. व्यायामवाली पट्ट्या पिशवीत भरायला लागली. मी अडखळत सगळं सांगून टाकलं. तुम्ही तीन वर्षांनी सुई धरली होती. बोटं कशी झाली आहेत ते मला दिसतं. त्या दिवशी सोफ्यावरून मी सगळ्यांसमोर बोलले आणि तुम्ही काम सोडलं. माझ्या तोंडाने तुमचं काम गेलं. पुन्हा एकदा तुमच्या हातचं वाईट आहे असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार होते?

हे खुर्चीवर बसले. हातातली चप्पल तशीच. मला वाटलं, आता ओरडतील. मला ते हवंही होतं.

"तुझ्या बोलण्याने काम नाही सोडलं मी," ते म्हणाले. "शिवण खरंच वाकडी होती. लेक सावरून घेत होती, गिऱ्हाईक सावरून घेत होतं. तू एकटी खरं बोललीस. म्हणून मी सोडलं आणि म्हणून मला नीट झोप लागली." मग म्हणाले, "ही उशी दिल्यावर तू म्हणालीस बरं वाटतंय. मला वाटलं, ही म्हणतेय म्हणजे अजून थोडं काही उरलंय माझ्या हातात. तुझ्यावर होता ना भरवसा."

मला जन्मात कुणी असं काही बोललं नव्हतं. शिवी दिली असती तर परवडली असती. लोक मला फटकळ म्हणतात, आणि मी तो माझा अवगुण धरून बसले होते. ह्या माणसाने चाळीस वर्षं त्याच्यावर विसंबून संसार केला होता, आणि मी तो नेमका नको तिथे आवरला. मी रडले. चारचौघांत न रडणारी मी त्या पोरीसमोर हुंदके देऊन रडले. हे उठून जवळ आले नाहीत. तिथेच बसून राहिले, जमिनीकडे बघत.

व्यायामवालीनेच मग घसा खाकरला. म्हणाली, भांडण नंतर करा, माझ्याकडे तेरा दिवस आहेत. आता नुसत्या व्यायामाने भागणार नाही. दिवसातून चार वेळा टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, आणि कुणीतरी गुडघ्याच्या वर-खाली तळहात ठेवून तो हळूहळू खाली दाबायचा. धक्का नाही, झटका नाही, सारखा एकसंध दाब. मिनिटभर धरायचा, सोडायचा, पुन्हा. दुखणार. चांगलंच दुखणार. काकू ओरडतील. ओरडल्या म्हणून लगेच सोडायचं नाही, पण जोरही करायचा नाही, दाब कळला पाहिजे हाताला. लेकीला शिकवू का?

लेक करील, मी घाईघाईने म्हणाले. ह्यांच्या बोटांना झेपायचं नाही.

"बोटांचं काय काम आहे त्यात?" हे म्हणाले. "तळहाताचं काम आहे. मला दाखवा."

तिने दाखवलं. त्यांचा हात धरून जागा दाखवली, वजन कुठून आणायचं ते दाखवलं. मग ती बाजूला झाली. हे पलंगाच्या कडेला वाकले आणि दोन्ही तळहात माझ्या पायावर ठेवले. एवढ्या वर्षांत ह्यांनी मला कधी बोट लावून दुखवलं नव्हतं. जड, गरम हात. चादरीखाली काय आहे ते शोधावं तसे ते आधी नुसते थांबले, मग दाबायला लागले.

पहिले दहा सेकंद काही नाही. मग आतून असं काही ताणलं गेलं की डोळ्यांपुढे अंधारी आली. मी पलंगाची पट्टी धरली. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

'नाही' हा शब्द माझ्या ओठांवर आलाच होता. नुसत्या सवयीने.

"दुखतंय," मी म्हणाले.

"किती?"

"जीव जातोय. रडवताय तुम्ही मला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचेही डोळे भरले होते, पण दाब कणभरही कमी झाला नाही. व्यायामवाली घड्याळ बघून मोठ्याने आकडे मोजत होती, तिचे अजून चाळीस सेकंद बाकी होते. मी ओरडत होते, आणि ह्यांनी हात काढला नाही.